जामीनदार : गिरणगावच्या साहित्यात मैत्री कुठे आहे?

मुंबईच्या गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, हे वाक्य संपावरच्या बहुतेक लेखांत सापडते. आमच्या घरात ते अक्षरशः खरे होते. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांच्या शेजारच्या साच्यांवर काम करणारे त्यांचे जोडीदार आमच्याच तालुक्यातले. दोघे एकाच गाळ्यात राहिलेले, एकाच खानावळीत जेवलेले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. संपाच्या दुसऱ्या वर्षी काका कामावर परत गेले आणि वडील गेले नाहीत. त्यानंतर वडील वारले तोवर, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षे, दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. राहायला मात्र एकाच चाळीत होते, मधे चार खोल्या.

गिरणगावावरचे मराठी साहित्य मी पुन्हा वाचायला घेतले ते या अबोल्यासाठी एखादा शब्द सापडतो का, हे पाहायला. मला जे सापडले आणि जे सापडले नाही, त्याची ही मांडणी आहे.

मैत्री म्हणताना मला काय अभिप्रेत आहे ते आधी सांगायला हवे, कारण ती गिरणगावात निव्वळ मनाची बाब नव्हती. लालबाग, परळ, नायगाव, वरळी, चिंचपोकळी, डिलाईल रोड या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस एकटा येत असे. बायको-मुले गावी, आणि इथे गाववाल्यांच्या बैठकीच्या खोलीत वळकटीपुरती जागा. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन तिथेच आडवा होई. खानावळवाली बाई उधारीवर जेवू घाली, गावचे भजनी मंडळ आणि व्यायामशाळा उरलेला वेळ भरून काढी, आणि भिशी अडीनडीला उपयोगी पडे. गिरणीत नाव लागण्यासाठीसुद्धा ओळख लागायची. बदली कामगार रोज सकाळी दारावर उभा राहायचा, आणि त्याला आत घ्यायचे की नाही हे एके काळी जॉबर ठरवायचा. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या कामगाराचा इतिहास गिरणीच्या भिंतीआड शोधण्याऐवजी वस्तीत शोधला. काम मिळणे, उधारी मिळणे आणि संपाच्या काळात तग धरणे या तिन्ही गोष्टी शेजारपाजारच्या नात्यांवर अवलंबून होत्या, हे त्यांचे म्हणणे पटण्यासाठी मला ग्रंथाची गरज नव्हती. पण ते कोणीतरी लिहून ठेवले याचा आनंद झाला.

ही दोस्ती सर्वांना खुली होती असे मात्र कोणी समजू नये. धोट्यातली कांडी बदलताना विणकराला धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपल्या तोंडाला नको, म्हणून जास्त पगाराच्या साचेखात्यात दलितांना शिरकाव नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीची भाषा करणारे पुढारी अडचणीत आले. १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली. तिच्यात एकमेकांसमोर उभे ठाकलेल्यांपैकी कितीतरी जण सकाळी एकाच भोंग्यावर उठणारे होते. गिरण्या होत्या तोवर सगळे भावासारखे राहत, हे जे आज म्हटले जाते ते म्हणणाऱ्याची जात कोणती, हे मी आता मनातल्या मनात विचारून घेतो.

साहित्यात या दोस्तीचे काय झाले? मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ १९३३ मध्ये आली आणि गिरणी कामगार मराठी कादंबरीत मध्यभागी आला. त्यानंतर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगाराला त्याच्याच चौकात उभे राहून त्याचीच गोष्ट सांगितली. ही मोठी कमाई होती. मात्र तिची एक किंमतही पडली, असे मला वाटते. शाहिरीत माणसांची वाटणी सरळ असते: मालक तिकडे, आपण इकडे. ‘आपण’मधला प्रत्येक जण साथी. ‘साथी’ आणि ‘कॉम्रेड’ या शब्दांनी ‘दोस्त’ हा शब्द गिळून टाकला. साथी फुटला तर त्याच्यासाठी एकच शब्द उरतो, गद्दार. परंतु गद्दार झालेला माणूस तुमच्या आईच्या मयतीला खांदा देऊन गेलेला असेल, तर त्याला काय म्हणावे, याचे उत्तर त्या भाषेत नव्हते.

नारायण सुर्वे यांच्याकडे मी या प्रश्नासाठी फार आशेने गेलो. गिरणी कामगाराने उचलून वाढवलेला आणि स्वतः गिरणीत राबलेला हा कवी. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये आला, तोपर्यंत मराठी कवितेत इतकी माणसे नावानिशी, बोलीनिशी आलेली नव्हती. मैत्रीही आहे. ‘शीगवाला’मधला दाऊदचाचा आठवा. फाळणीच्या दंग्याने जे तोडले, त्याच्या पलीकडे जाणारा जिव्हाळा सुर्वे यांनी असा लिहिला आहे की त्यापुढे टीकाकाराने गप्पच बसावे. पण इथेच माझ्या ध्यानात आले की दंगलीच्या कसोटीवर मैत्री लावून पाहणे मराठी साहित्याला चांगले जमते. पगाराच्या कसोटीवर लावणे जमत नाही. दंगलीत मित्राला वाचवणारा थोर ठरतो, न वाचवणारा भ्याड. वाचकाला कोणाच्या बाजूने उभे राहायचे ते कळते. घरात पीठ नाही आणि मित्राने संप चालू ठेवायची शपथ घातली आहे, अशा माणसाच्या बाजूला उभे राहायला कोण तयार आहे?

भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ या चर्चेत आणले तर काही वाचक नाक मुरडतील. ती पोरे कुठे गिरणीत होती, असे म्हणतील. खरे आहे. शिवाय १९६५ मध्ये ते पुस्तक आले तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याच्यावर जो हल्ला चढवला, त्यानंतर त्याची चर्चा अश्लीलतेच्या पलीकडे जायला कितीतरी वर्षे लागली. पण नाक्यावरच्या दोस्तीचे इतके निर्लेप चित्र मराठीत दुसरे नाही. पोक्या आणि त्याचे दोस्त एकमेकांकडून काही मागत नाहीत. कोणी थोर नाही, कोणी कोणाला सुधारत नाही. आज ते वाचताना मला वेगळेच काही दिसते. ही पोरे कामधंद्याशिवाय दिवसच्या दिवस उभी राहू शकतात, कारण कोणाच्या ना कोणाच्या घरी, कमी का होईना, पगार येतो आहे. त्यांच्या बेफिकिरीच्या मागे एक चालू शहर आहे. भोंगे वाजत आहेत. नाका हा चालू गिरणीचा, चालू कारखान्याचा, चालू गोदीचा उपपदार्थ होता, हे भाऊंनी कुठे लिहिलेले नाही. लिहायची गरजही नव्हती. ते दिसले ते भोंगे बंद पडल्यावर.

आता १९८२. सुमारे अडीच लाख कामगार, साठेक गिरण्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराला ती नको होती, म्हणून तो डॉ. दत्ता सामंत यांच्या दारी गेला. पुढची हकीगत वाचकांना ठाऊक आहे. तिच्यातला एकच धागा मला इथे हवा आहे. संप फुटला तो एके दिवशी धाडकन फुटला नाही. महिन्यामहिन्याने, खात्याखात्यातून, माणूस माणूस करत लोक आत गेले. आत जाणारा पोलीस बंदोबस्तात जाई आणि बाहेर येई तो आपल्याच चाळीत. ज्याच्या तोंडावर नळावर कोणी बघत नाही, त्याला त्याच नळावर पाणी भरायचे असते. संपाचा अभ्यास करणाऱ्या एच. व्हान वेर्श यांनी किंवा ‘द लाँग हॉल’ लिहिणाऱ्या रजनी बक्षी यांनी संपाचा हिशोब मांडला, तो कामगार, युनियन, मालक आणि सरकार यांचा. त्यांचे काम तेच होते. नळावरचा हिशोब मांडायचे काम कथा-कादंबरीचे.

ते काम करायला सर्वांत योग्य माणूस जयंत पवार होता, आणि त्याने पुष्कळ केलेही. गिरणगावातच वाढलेला हा लेखक. त्याचे ‘अधांतर’ १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. सामंतांचा खून झाला तेही वर्ष हेच. धुरी कुटुंबाची एक खोली, खमकी आई, तीन मुलगे, एक मुलगी. धाकटा नरू टोळीच्या वाटेला लागलेला. या नाटकाने गिरणगावाचा शोकगीतवाला सूर मोडला. त्यातली माणसे एकमेकांना सोलून काढतात आणि प्रेक्षक हसता हसता ओशाळतो. मी ते पाहिले त्या रात्री थिएटरबाहेर आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलू शकलो नाही.

तरीही आज पुन्हा वाचताना एक प्रश्न पडतो. ही सगळी माणसे घरात का आहेत? नाटकाला एक खोली लागते हे मला कळते. पण चाळीतला पुरुष हा घरात राहणारा प्राणी नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत जागाच नसे. तो गॅलरीत, नाक्यावर, व्यायामशाळेत, मंडळाच्या खोलीत असे आणि झोपायला घरी येई. ‘अधांतर’मध्ये घर कोंदटले आहे, कारण बाहेरच्या जागा मेल्या आहेत. नाटक आपल्याला कोंडमारा दाखवते, तो कुठून आला ते दाखवत नाही. मोठ्या मुलाचे कोणी मित्र होते का? असले तर ते आता कुठे आहेत? आईच्या नवऱ्याबरोबर गिरणीत काम केलेले लोक या दारावर का येत नाहीत? कुटुंब हा जणू एकटाच पडलेला डबा आहे, रूळ आधीच उखडलेले.

बाहेरची एकच जागा जिवंत आहे, ती नरूची. या नाटकातली टोळी म्हणजे गिरणगावात शिल्लक राहिलेली, पगार देणारी एकमेव दोस्ती आहे, असे मी म्हणेन. तीत गाळ्याची, खानावळीची, व्यायामशाळेची सगळी जुनी वचने आहेत: तुझ्या पाठीशी आम्ही, तुझ्या आईची काळजी आमची. फक्त भोंगा कधी वाजेल सांगता येत नाही. टोळ्यांकडे ओढल्या गेलेल्या मुलांविषयी समाजशास्त्रीय थाटात बेकारी, बेकारी असे म्हटले जाते. बेकार मुलाला पैशाआधी कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभे राहायला जागा हवी असते. जयंत पवारला हे पक्के ठाऊक होते, असे त्याच्या कथा वाचून वाटते. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली शहराकडे बघण्याची तिरकी, अर्धी स्वप्नातली नजर ‘अधांतर’च्या वास्तववादापुढे गेलेली आहे. नंतरच्या एका संग्रहाचे नावच ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’. पोरांच्या तोंडचे हे वाक्य गिरणगावाच्या एका पिढीने जसेच्या तसे जगून दाखवले. २०२१ मध्ये पवार गेला. तो असता तर मी त्याला आमच्या चाळीतली गोष्ट सांगितली असती.

ती गोष्ट पतपेढीची आहे. बहुतेक गिरण्यांत कामगारांची सहकारी पतपेढी असे. लग्न, घरावरची कौले, गावचे कर्ज, यांसाठी तिथून पैसे उचलायचे आणि हप्ता पगारातून कापला जायचा. कर्जाला सहकारी कामगार जामीन लागत. कर्जदाराने हप्ता चुकवला की जामीनदाराच्या पगारातून वसुली. ही साधी कलमे आहेत, पण गिरणगावातली दोस्ती कागदावर कुठे उतरली असेल तर ती इथे. कोण कोणाला जामीन राहिला, याची यादी म्हणजे कोण कोणाचा होता याची यादी. जात, तालुका, खाते, युनियन यांतले काय भक्कम होते आणि काय दिखाऊ, ते त्या वह्यांवरून एका दिवसात कळेल. एखाद्या संशोधकाने अशा वह्या मिळवून वाचायला हव्यात. रद्दीत गेल्या नसतील तर.

वडिलांनी आत्याच्या लग्नासाठी १९८१ मध्ये कर्ज काढले होते. काका जामीन होते. संप सुरू झाला, दोघांचाही पगार थांबला, हप्तेही थांबले. काका परत कामावर गेले आणि त्यांच्या पहिल्याच पगारापासून वडिलांच्या कर्जाचा हप्ता कापला जाऊ लागला. म्हणजे आमच्या घरात ज्याचे नाव घ्यायची बंदी होती, तो संपफोड्या माणूस दर महिन्याला आमचे कर्ज फेडत होता. संप फोडून मिळवलेल्या पैशांतून. वडील गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पतपेढीचे पत्र मिळाले: आपल्या नावावरील बाकी जामीनदाराकडून पूर्ण वसूल झाली आहे. चार घड्या घालून, रेशनकार्डाच्या आत ठेवलेले. म्हणजे त्यांना ठाऊक होते.

मला त्यांचा राग आला. मग काकांचा आला, की हा माणूस एकदा तरी दारात येऊन शिव्या देऊन का गेला नाही. त्यांनी पैसे मागितले असते तर भांडण झाले असते, आणि भांडणातून कदाचित बोलणे. ते गप्प राहिले, म्हणून वडिलांना कर्ज फेडताही आले नाही आणि नाकारताही आले नाही.

हे मी टीकालेखात का सांगतो आहे? कारण कारखाना बंद पडण्याने मैत्रीवर येणारा ताण हा बहुधा असाच असतो, असे आता मला वाटते. त्याला खलनायक नसतो. दोघांचेही बरोबर असते आणि दोघेही एकमेकांचे देणे लागतात. शाहिरीच्या साच्यात तो बसत नाही, कारण तिथे बाजू लागते. एका खोलीच्या नाटकात बसत नाही, कारण तो चार खोल्या पलीकडे घडतो. आपल्याकडची कादंबरी हे काम करू शकली असती. पण गिरणगावाच्या ऱ्हासावर लिहिताना तिला मालक, दलाल, बिल्डर आणि मॉल यांची मोठी गोष्ट जास्त ओढून घेते. १९९१ ची विकास नियमावली, २००१ मधला तिच्यातला बदल, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, या गोष्टी लिहायलाच हव्यात. फक्त त्या लिहून झाल्या की गिरणगाव लिहून झाले असे आपण धरून चालतो.

चित्रकलेने थोडे जास्त पाहिले, असे मला वाटते. सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतली माणसे एकाच चौकटीत, एकाच पुलाखाली, अगदी अंगाला अंग लागेल अशी असतात, आणि कोणी कोणाकडे बघत नसते. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी पटवर्धन आणि सुर्वे या दोघांना एकत्र ठेवून २००१ मध्ये ‘साचा’ हा माहितीपट केला. त्यात दोन वेगळ्या ‘आपण’ची गाठ पडते: सुर्वे यांचा हाक मारणारा, पटवर्धनांचा न बघणारा. मला दोन्ही घरचे वाटले.

मौखिक इतिहासातूनही काही हाती लागते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून उभे केलेले पुस्तक २००४ मध्ये इंग्रजीत आणि पुढे मराठीतही आले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: संपाबद्दल पुरुष बोलतात तेव्हा सभा, मोर्चे आणि पुढारी येतात, बायका बोलतात तेव्हा कोणी कोणाला तांदूळ दिले ते येते. खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच बांधली होती. संपात जेवणारेच गावी निघून गेले तेव्हा या बायकांचे काय झाले, आणि त्यांच्यातली नाती कशी टिकली, यावर एखादी कादंबरी असायला हवी होती. आमच्याकडे वडील आणि काका बोलत नव्हते तेव्हा आई आणि काकू रोज बोलत. दुपारी, पुरुष नसताना. वाटीभर साखर, रॉकेल, मुलांची जुनी पुस्तके या दारातून त्या दारात जात राहिली. आईला कर्जाचे ठाऊक होते का, हे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “काकूनंच सांगितलं होतं. मी तिच्या पोरीच्या बाळंतपणाला गेले होते ना महिनाभर.” तिच्या दृष्टीने हिशोब तेव्हाच मिटला होता.

२०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. घरे ६,९२५, अर्ज सुमारे दीड लाख. या घरांमागे दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची वर्षानुवर्षांची लढाई होती. अर्जासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागे. म्हणजे संपाच्या आधीची तारीख. तुम्ही पुढे आत गेलात की बाहेर राहिलात, हे अर्ज विचारत नव्हता. सोडतीने नवीन वाटणी केली, नंबर लागलेले आणि न लागलेले. आमच्या चाळीत ज्यांनी तीस वर्षांचा अबोला नुकता सोडला होता, अशा दोघांतल्या एकाचा नंबर लागला आणि ते पुन्हा बोलेनासे झाले.

माझ्याकडे पुरावा अपुरा होता. वडिलांनी रागाच्या भरात गिरणीचे बरेच कागद जाळले होते. काकांचा मुलगा, माझ्याच वर्गातला, कागदपत्रांच्या रांगेत भेटला. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. दोन दिवसांनी तो एका पगारपत्रकाची झेरॉक्स घेऊन आला. काकांचे पगारपत्रक, १९८३ मधले. कपातीच्या रकान्यात हाताने लिहिलेले होते: जामीन वसुली, आणि पुढे माझ्या वडिलांचा तिकीट नंबर.

“याचा उपयोग होईल का रे?” त्याने विचारले.

नुसत्या तिकीट नंबरवर खिडकीवरच्या माणसाचे समाधान झाले नाही, पण त्या नंबरावरून पुढे भविष्य निर्वाह निधीची नोंद काढता आली. अर्ज भरला. नंबर अजून लागलेला नाही. झेरॉक्स मी पतपेढीच्या पत्राबरोबर ठेवली आहे, त्याच ट्रंकेत.